उत्तर द्यायला कौसामावशी

"सुमन, तुझ्या माणसाला जीपमधी घालून नेलं गं," असं कांता नळावरून येता येता म्हणली, अन् माझ्या हातातली भाकर तव्यावर पडायची ती चुलीतच पडली. मी काढलीबी न्हाई. छबी दारात खेळत व्हती, तिला काखेत मारलं, चप्पल घातली का न्हाई ते आठवत न्हाई, अन् निघाले. निघाले तर खरं, पण जायचं कुठं. जीप कुठं गेली, कुणाला इचारायचं, इचारलं तर मलाच काही करतील का, काही सुधरत नव्हतं. त्या दिवसांत जीप म्हणलं की गल्लीतले बाप्ये मागच्या दारानं पळायचे. नसबंदीची जीप. तीन लेकरं असली की नेत्यात म्हणायचे. अन् आमाला तर एकच छबी.

पाय आपोआप शेजारच्या कौसामावशीच्या दारात गेले. ती उंबऱ्यावर बसून पाखडत व्हती.

"मावशी, ह्यांला नेलं."

"कुणाला, किसनला?"

"हं. जिनिंगच्या फाटकावरून."

"त्याला काहून नेतील? त्याला तर एकच..." एवढं म्हणली अन् तिचं सूप थांबलं. दाणे कडेला आले तसेच राह्यले. तिचा चेहरा असा उतरला की मीच तिच्याकडं बघत बसले. मंग तिनं सूप भिंतीला टेकवलं, पदर खोचला अन् म्हणली, "चल. तू उगी राह्य, मी सांगते."

हे तिचं नेहमीचं बोलणं. तू उगी राह्य, मी सांगते. मी पाचवीत शाळा सोडली. लग्न होऊन अंबडकडच्या खेड्यातून जालन्यात, स्टेशनाजवळच्या ह्या खोल्यांमधी आले तव्हा मला बाजारात भाव इचारायचीबी भीती वाटायची. कौसामावशी माझ्या माहेरच्या गावची, आमच्याच समाजाची, माझ्या आईहून थोडी मोठी. म्हणून मावशी. तिचा नवरा लवकर गेला. ती मोंढ्यात जायची, पोत्यातून सांडलेलं धान्य झाडून आणायची, त्यात ज्वारी, गहू, मूग, खडे, माती, सगळं एकात एक. मंग दिवसभर उंबऱ्यावर पाखडायची, अन् पाखडता पाखडता सगळ्या गल्लीच्या वतीनं बोलायची. खोलीमालकाचा माणूस आला, दवाखान्याची बाई आली, कुणाचा सासरा भांडायला आला, की बायका आत अन् कौसामावशी बाहेर. तिला कुणी सांगितलेलं नसायचं. ती उत्तर देऊन मोकळी व्हायची अन् मंग आत वाकून इचारायची, "बराबर सांगितलं ना गं?"

माझी छबी झाली तव्हा सासू भिंतीकडं तोंड करून निजली. बायका दारात येऊन कुजबुजायल्या, काय झालं, काय झालं. सासू काही बोलंना. कौसामावशी माझ्या उशाशी बसल्ती, तिथूनच म्हणली, "माणूस झालंय. बघायचं असलं तर पाय धुऊन आत या." बायका हसल्या. सासूबी मंग उठून बसली, पण मावशीशी महिनाभर बोलली न्हाई. मावशीला त्याचं काही न्हाई. ती रोज यायची, छबीला तेल लावायची अन् सासूला ऐकू जाईल असं छबीलाच म्हणायची, "तुझी आजी मुकी झाली बघ. बरं झालं, घरात शांती."

आणीबाणी लागली तव्हा आमाला काय लागलं ते समजलंच न्हाई. रेडिओवर काहीतरी सांगत व्हते. मंग एवढं समजलं की चार माणसं एका जागी बसायची न्हाईत, मोठ्यानं बोलायचं न्हाई. माणसं हॉटेलात चहा पितानाबी मागं बघायची. मावशी म्हणायची, "बोलायचं न्हाई म्हणत्यात. मंग तोंड काय भाकर खायलाच ठुलंय? अन् भाकर तरी कुठं पोटभर हाय." मी म्हणायचे, मावशी, हळू बोल. ती म्हणायची, "हळू बोलले तर त्यांला वाटंल मी काही चोरून बोलून राह्यले."

एकदा सांजच्याला तिच्याच ओट्यावर कापसाच्या जिनिंगात काम करणारे चार-पाच जण बिडी ओढत बसल्ते. आमचे हे व्हते, तिचा पोरगा उत्तमभाऊ व्हता. शिपाई आला, काठी आपटून म्हणला, "काय मीटिंग चाललीय?" सगळ्यांचं तोंड बंद झालं. मावशी आतून आली.

"मीटिंग नव्हं साहेब, मयतीचे बसलेत."

"कोण मेलं?"

"माझा मालक."

शिपायानं टोपी काढली. जरा उभा राह्यला, बिडी मागितली, ओढली, अन् जाता जाता म्हणला, "कव्हा गेले?"

"झाले की दहा-बारा वरीस."

शिपाई तिच्याकडं बघतच राह्यला. ती म्हणली, "तुमी आधी कव्हा इचारलं न्हाई. अन् दुःखाला काय तारीख असती का?" त्याला हसू आलं म्हणून बरं. तो गेल्यावर उत्तमभाऊ मातर लई चिडला. तो मायसारखा नव्हता, कमी बोलायचा. म्हणला, "माय, एक दिवस तुझ्या ह्या तोंडानं कुणीतरी आत जाईल." ती म्हणली, "तू जाऊ नको म्हणजे झालं."

आता त्या लेकरं मोजायच्या गोष्टीचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं.

कौसामावशीला देव नव्हते. धम्म घेतला तव्हाच तिनं देव्हारा काढून टाकला, मरीआईला जाणं बंद केलं, अंगारा बंद. विहारात पांढरं लुगडं नेसून पुढं बसायची. पण एक गोष्ट तिच्यातनं गेली न्हाई. लेकरं किती हायती ते खरं सांगायचं न्हाई. एक असलं तर वाढवून सांगायचं, बरीच असली तर कमी करून सांगायचं. आमच्या गावाकडं सगळ्याच जुन्या बाया असं करायच्या, एकुलतं एक असलं अन् तसंच सांगितलं की नजर लागती, अन् भरलं गोकुळ असलं अन् तसंच सांगितलं तरी लागती. एकदा विहारात औरंगाबादचे कुणी शिकलेले पाहुणे आल्ते. अंधश्रद्धेवर लई चांगलं बोलले. मंग खाली येऊन मावशीला म्हणले, "आजी, तुम्हाला मुलं किती?" मावशी म्हणली, "हायती बरीच." सगळं विहार हसलं, कारण तिला एक उत्तमच हे सगळ्यांला ठाऊक.

घरी येताना मीबी हसून म्हणले, "मावशी, देव सोडले अन् हे काहून धरून बसली?" तिनं चालणं हळू केलं. मंग म्हणली, "मला पाच व्हते सुमे. देवी टोचायला माणूस आला, त्यानं इचारलं किती, मी मान वर करून सांगितलं, पाच. त्याच साली गोवर आला. उत्तम तेवढा राह्यला." मी म्हणले, त्याचा अन् सांगण्याचा काय संबंध. म्हणली, "संबंध न्हाई. मला समजतं संबंध न्हाई. पण तोंडातून निघत न्हाई."

त्याच्यानंतर मी कधी इचारलं न्हाई.

मंग आणीबाणीतल्या दुसऱ्या वर्षी शाळेतले मास्तर घरोघर आले, कुणाला लेकरं किती ते लिहून घ्यायला. मास्तर गरीब माणूस, घामानं भिजलेले, सारखं मागं बघायचे. मी छबीला घेऊन आत न्हाणीत व्हते. मास्तरांनी बाहेरून हाक मारली, "किसन कांबळ्याला अपत्यं किती?" मी पदर सावरून दारापत्तोर येतेय तोवर शेजारच्या ओट्यावरून आवाज आला, "तीन हायती मास्तर. लिहा तीन." मंग मास्तर तिच्या दाराला गेले, "अन् तुमच्या उत्तमला?" ती म्हणली, "एकच हाय." उत्तमभाऊची तिन्ही पोरं तव्हा मामाकडं गेल्ती. मास्तर गेले तशी मावशीनं माझ्या दारात वाकून मला इचारलं, "बराबर सांगितलं ना गं?" मी हसले. तव्हा कुणाला ठाऊक मास्तर काहून लिहून राह्यले. आमाला वाटलं रेशनचं असंल.

म्हणून तिचं सूप थांबलं व्हतं.

नसबंदीचं शिबीर शाळेतच लावलं व्हतं, ते मावशीला ठाऊक व्हतं. आमी पळत गेलो तर पटांगणात दोन तंबू, व्हरांड्यात बाप्ये ओळीनं खाली बसलेले. आमचे हे शेवटाला. मला पाह्यलं अन् मान खाली घातली, जसं काही त्यांनीच चोरी केली. छबी "बाबा" म्हणून ओरडली तर शिपायानं आमाला फाटकाजवळच अडवलं. सासूनं छबी झाल्यापासून एकच धरल्तं, पोरगा पायजे. अन् सासूचं सोडा, मलाबी अजून एक लेकरू पायजे व्हतं, छबीला कुणीतरी पायजे व्हतं. आता हे कापलं की सगळं तिथंच संपलं, अन् सासू मला घरात ठुईल का न्हाई तेबी सांगता येत नव्हतं.

मावशी शिपायाला म्हणली, "मला साहेबाला भेटायचंय, माझ्या तोंडून चूक झाली ती सांगायचीय." एवढ्या शांतपणे म्हणली की त्यानं सोडलं. मी तिच्या मागं मागं.

टेबलामागं साहेब बसल्ते, बाजूला ते मास्तर उभे. साहेब तरणे व्हते, डोळे लाल झालेले, झोप नसंल. मावशी म्हणली, "साहेब, तो कोपऱ्यातला किसन, त्याला एकच पोरगी हाय. ही बघा."

साहेबांनी मास्तरांकडं पाह्यलं. मास्तर म्हणले, "साहेब, तीन सांगितलेत. ह्या बाईंनीच सांगितलं."

"मी खोटं सांगितलं," मावशी म्हणली.

"का?"

"आमच्यात खरं सांगत न्हाईत."

साहेब हसले न्हाईत, रागावलेबी न्हाईत. थकल्यावानी म्हणले, "बाई, वरून आकडा आलाय. एक सोडला की एक कमी होतो. रोज कुणीतरी येऊन असंच सांगतं, माझा भाऊ, माझा जावई. मी कुणाकुणाचं ऐकू?"

"गल्लीत कुणालाबी इचारा."

"गल्ली तुमचीच आहे." मंग जरा थांबून म्हणले, "तुम्ही खोटं सांगता हे तुम्हीच म्हणता. मग मास्तर, ह्यांच्या घरचं काय लिहिलंय?"

मास्तर म्हणले, "मुलगा उत्तम. अपत्य एक." मास्तरांला ते खरं नव्हं हे तव्हाच समजलं असणार, कारण उत्तमभाऊची थोरली दोन पोरं त्यांच्याच शाळेत व्हती. पण ते पुढं काही बोलले न्हाईत, खाली बघत राह्यले. मला वाटतं त्यांनी मावशीला सोडून दिल्तं. म्हणजे ती नुसती गप बसली तरी भागत व्हतं. गप बसली असती तर तिचं घर तसंच राह्यलं असतं.

साहेब म्हणले, "एकच का, बाई?"

कौसामावशीला उत्तर द्यायला वेळ लागला, असं मी आयुष्यात तेवढंच पाह्यलं. तिनं व्हरांड्याकडं पाह्यलं, छबीकडं पाह्यलं. माझ्याकडं बिलकुल पाह्यलं न्हाई. तिचे ओठ हलत व्हते अन् आवाज येत नव्हता. मंग म्हणली, "तीन."

साहेबांनी शिपायाला हात केला. ती म्हणली, "जीप नका पाठवू. चार माणसांत त्याला वढून आणू नका. तो आज स्टेशनाच्या मालधक्क्यावर सरकीची पोती भरून राह्यला, मी घेऊन येते." अन् निघाली. चालत. साहेब म्हणले, तो आला की ह्याला सोडतो.

मी छबीला घेऊन फाटकाजवळ बसून राह्यले. ऊन डोक्यावरून कलंडलं. मी मनात म्हणत व्हते, ये. अन् लगेच म्हणत व्हते, नको येऊ. मंग ते दोघं रस्त्यानं येताना दिसले. उत्तमभाऊ पुढं, अंगाला सरकीचा भुसा लागलेला, अन् मावशी चार पावलं मागं. वाटंत काय बोलले ते मला ठाऊक न्हाई, तिनं कधी सांगितलं न्हाई अन् त्यानंबी. तो पळून जाऊ शकला असता. गेला न्हाई. माझ्याजवळून जाताना थांबला, छबीच्या डोक्यावर हात ठुला, अन् आत गेला.

ह्यांला सोडलं. हे घरी आले अन् अंगावर गोधडी घेऊन निजले.

उत्तमभाऊची जखम पिकली. लई दिवस त्याला पोतं उचलता आलं न्हाई. त्याची बायको सिंधू नळावर सगळ्यांसमोर म्हणली, "सासूनं शेजारणीसाठी पोटचं पोरगं दिलं." अन् माझी सासू काय म्हणायची तर, "कौसानं मुद्दामच आमचे तीन सांगितले, आपलं पोरगं वाचवायला. पाप टोचलं म्हणून मंग गेली सांगायला." म्हणजे इकडूनबी तीच, तिकडूनबी तीच. मी सासूला म्हणले, आत्याबाई, तसं न्हाई, तिची ती सवयच हाय. सासू म्हणली, "तुला काय समजतं." गल्लीतबी कुणाला पटलं न्हाई. एवढी बोलणारी बाई आकडा उगाच कशाला खोटा सांगंल, असं म्हणायचे.

मावशीनं कुणालाच काही सांगितलं न्हाई. उत्तमभाऊनं एक दिवस भांडीकुंडी बांधली अन् बायकालेकरं घेऊन नदीपलीकडं नव्या जालन्यात खोली केली. जाताना मायला एवढंच म्हणला, "तुला माझी पोरं मोजता आली, माय. मला मोजलं न्हाई." मी भिंतीच्या ह्या बाजूला व्हते, ऐकलं. ती उंबऱ्यावर बसून व्हती. गाडा निघाला तरी उठली न्हाई.

त्याच्यानंतरबी ती मोंढ्यात जायची, पाखडायची. पण खोलीमालकाचा माणूस आला की आपलं दार लोटून घ्यायची. बायकांला आपलंआपलं बोलावं लागलं. कांता बोलायला शिकली, मीबी थोडी शिकले, चुकतमाकत. मला पोरगा झाला तव्हा ती बघायला आली, दारातूनच. घे ना मावशी, म्हणले. म्हणली, "हात खराब हायती." हात तर धुतलेले व्हते.

मंग आणीबाणी गेली, सरकार बदललं. माणसं म्हणली आता मोठ्यानं बोला. थोडे दिवस बोललोबी. अन् लगेच हे विद्यापीठाच्या नावावरून सुरू झालं. गावाकडं आमच्या लोकांची घरं जाळायले, विहिरी बंद केल्या, पोरीबाळी घेऊन माणसं स्टेशनात येऊन बसायली. एक भीती जात न्हाई तोवर दुसरी उभीच. आमी आता रोज सांजच्याला कडी लावून घेतो अन् ह्यांची वाट बघतो. थकून गेले मी भिऊन भिऊन.

मावशीची बहीण परभणीकडच्या एका खेड्यात. तिचं घर जळालं असा निरोप आला. मावशीनं त्याच दिवशी पिशवी भरली. मी म्हणले, "तिकडं पेटलंय अन् तू तिकडंच चालली?" म्हणली, "ती एकली हाय." मी म्हणले, तूबी तर एकलीच.

स्टेशनावर मी सोडायला गेले, पोरगा कडेवर, छबी हाताला. गाडीत लई गर्दी व्हती, तिला दाराजवळ खाली जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेऊन बसली. केवढीशी दिसत व्हती. म्हणले, मावशी, उत्तमभाऊला काही सांगू का. तिनं पिशवीचे बंद आवळले. गाडी हलली तव्हा म्हणली, "भेटला तर..." अन् थांबली. मी गाडीसंगं चालायले. "भेटला तर काय, मावशी?" म्हणली, "काही न्हाई. काही सांगू नको." मंग डबा पुढं गेला. दारात तिच्या लुगड्याचा पांढरा काठ तेवढा दिसत व्हता, मंग तोबी दुसऱ्या माणसाच्या आड गेला.

तिकडून काही निरोप न्हाई. तिकडचं जे ऐकू येतं ते चांगलं न्हाई.

काल उत्तमभाऊ आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आमच्या दारात. मायच्या दाराला कुलूप पाह्यलं, मंग माझ्याकडं आला. आत ये म्हणले तर आला न्हाई. अंगणातच उभा राह्यला, हातात लेकरांसाठी घेतलेली केळी व्हती, ती ह्या हातातून त्या हातात घेत व्हता. म्हणला, "माय गेली म्हणे."

म्हणले, हो.

"तू गेल्ती ना स्टेशनावर?"

"हो."

"माझ्यासाठी काही म्हणली का?"

घरात सासू, कडेवर पोरगा, अन् समोर तो उभा, ज्याच्या पायी माझं घर भरलं. खरं सांगावं तर ती म्हणली काही सांगू नको. खोटं सांगावं तर कोणतं सांगावं. तो वाट बघत व्हता. तुमी असता तर काय सांगितलं असतं?